८ आणि १५ मिळून १३ कसे?

वाचकांचे प्रश्न : सदिश एकत्र केल्यावर लांबी किती?

डॉट प्रॉडक्टची व्याख्या पाठ असते, पण दोन-तीन सदिश (लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी) मिळवले किंवा वजा केले की मॅग्निट्यूड काढताना गाडी अडते. या वेळची बहुतेक पत्रं याच जागी अडलेली आहेत. काही वहीतली आहेत, एक फाउंड्रीतलं आहे आणि एक कॉम्प्युटरवरचं.

छपाईत अक्षरांवर बाण दिलेले नाहीत. अ, ब, क हे सदिश समजावेत. |अ| म्हणजे अ चं मॅग्निट्यूड, पुस्तकी भाषेत परिमाण. अ·ब म्हणजे डॉट प्रॉडक्ट, अर्थात |अ| × |ब| × कॉस (दोघांमधला कोन).

प्रश्न : |अ| = ४, |ब| = ५ आणि दोघांमधला कोन ६०° आहे. |२अ − ३ब| काढायचं आहे. मी २ × ४ = ८ आणि ३ × ५ = १५ घेतलं, ८² + १५² = २८९, म्हणून उत्तर १७. मैत्रिणीचं ७ आलं. पुस्तकात १३ दिलंय. छपाईची चूक आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. तुमची दोन्ही उत्तरंही कुठल्या ना कुठल्या कोनासाठी खरी आहेत, फक्त तो कोन ६०° नाही. २अ आणि ३ब एकाच दिशेला असते, म्हणजे कोन ०° असता, तर १५ − ८ = ७ आलं असतं. ते काटकोनात असते तर पायथागोरसने १७ आलं असतं. इथे कोन ० आणि ९० च्या मध्ये आहे, तेव्हा उत्तरही ७ आणि १७ च्या मध्येच यायला हवं. हा अंदाज आकडेमोडीला हात घालण्याआधी समासात लिहून ठेव. अर्धा मिनिट लागतो आणि निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

आता आकडेमोड. सगळा आधार एका गोष्टीवर आहे : कुठल्याही सदिशाचा स्वतःशी डॉट घेतला की मॅग्निट्यूडचा वर्ग मिळतो, कारण स्वतःशी कोन ०° आणि कॉस ०° = १. म्हणून |२अ − ३ब| थेट न शोधता त्याचा वर्ग शोधायचा :

|२अ − ३ब|² = (२अ − ३ब)·(२अ − ३ब)
= ४ अ·अ − ६ अ·ब − ६ ब·अ + ९ ब·ब
= ४|अ|² − १२ अ·ब + ९|ब|²

अ·ब = ४ × ५ × ½ = १०. म्हणजे ६४ − १२० + २२५ = १६९ आणि वर्गमूळ १३.

कंस असा सोडवता येतो, कारण डॉट प्रॉडक्ट बेरजेवर वाटला जातो. ब आणि क यांची अ वर पडणारी सावली वेगवेगळी मोजून मिळवली काय किंवा (ब + क) ची सावली एकदम मोजली काय, लांबी तीच भरते. शिवाय अ·ब आणि ब·अ सारखेच असतात, म्हणून मधली दोन पदं एकत्र येऊन १२ होतात. (अ − ब)² च्या बैजिक सूत्राची ही हुबेहूब नक्कल आहे, फक्त मधल्या पदात कॉस लपलेला असतो. मॅग्निट्यूड कळली तरी सदिश एकमेकांकडे कसे बघतात ते त्यातून कळत नाही. ती सगळी माहिती या एका मधल्या पदात असते. तुझ्या १७ मध्ये नेमकं तेच गळालं आहे.

बाकीच्या घसरगुंड्याही बघून ठेव. मधलं पद १२ ऐवजी ६ पटीने घेतलं तर २२९ येतात, म्हणजे साधारण १५.१. आधीचे २ आणि ३ हे सहगुणक मधल्या पदात लावायचे राहिले आणि नुसतं −२ अ·ब घेतलं तर २६९, म्हणजे १६.४. ही दोन्ही चुकीची उत्तरं ७ आणि १७ च्या मध्येच बसतात, तेव्हा समासातला अंदाज इथे वाचवत नाही. चिन्ह चुकून अधिक १२० झालं तर ४०९, म्हणजे २०.२, हे लगेच पकडलं जातं. आणि १६९ लिहून वर्गमूळ घ्यायचं विसरणारे तर दर बॅचला असतात. सीईटीच्या पर्यायांत ७, १३, १७, २३ एकत्र दिसले तर दचकू नकोस. २३ म्हणजे ८ + १५, कोन १८०° असतानाचं उत्तर. पेपर काढणाऱ्याला तुमच्या चुका आधीच माहीत असतात.

प्रश्न : फिजिक्समध्ये परिणामी बलाचा वर्ग = |अ|² + |ब|² + २|अ||ब| कॉस थीटा, तर त्रिकोणमितीच्या कोसाइन नियमात उणे २. आकृती एकच, मग चिन्ह का बदलतं?
– अकरावीचा विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : आकृती एक असली तरी कोन एक नाही. सदिशांमधला कोन मोजताना दोन्ही बाणांच्या शेपट्या एका बिंदूवर ठेवतात. बेरजेच्या त्रिकोणात मात्र अ च्या टोकाला ब ची शेपटी जोडलेली असते आणि त्रिकोणाच्या आतला कोन १८०° − थीटा भरतो. कॉस (१८०° − थीटा) = −कॉस थीटा, त्यामुळे उण्याचं अधिक होतं. वजाबाकीच्या त्रिकोणात, म्हणजे |अ − ब| काढताना, दोन्ही शेपट्या एकत्रच असतात. तिथे आतला कोन थीटाच असतो आणि चिन्ह उणे राहतं. गणितात "पहिलं बल पूर्वेला, दुसरं त्याच्या टोकापासून वळून" अशी भाषा आली की कोन कुठला दिलाय ते आधी आकृतीत खुणेने दाखव. सूत्र त्यानंतर.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. १ टनाचं कास्टिंग (ओतीव भाग) टू-लेग चेन स्लिंगने, म्हणजे एका हुकाला लावलेल्या दोन चेननी उचलतो. चेन आडव्या पसरल्या की मिस्त्री ओरडतात, "चेन लांब घ्या." वजन तर तेवढंच, मग जादा ताण येतो कुठून? दुसरं म्हणजे कोन मोजायचा कसा? आमच्यात कोनमापक घेऊन क्रेनखाली कोण उभा राहणार?
– एक वाचक, शिरोली

उत्तर : मिस्त्री अनुभवाने बोलतात ते वर्गमूळाने दाखवता येतं. कास्टिंगचा भार मधोमध आणि दोन्ही चेन सारख्या लांबीच्या असल्या तर दोन्हींत ताण सारखाच असतो. त्याला त म्हणू. प्रत्येक ताण आपापल्या चेनच्या दिशेने ओढतो आणि दोन्ही सदिशांची बेरीज मिळून वजन तोलते. म्हणजे

वजन² = त² + त² + २त² कॉस थीटा = २त² (१ + कॉस थीटा)

इथे थीटा म्हणजे वर हुकापाशी दोन चेनमधला कोन. वजन १००० किलो ठरलेलं आहे. कोन वाढला की कॉस घटतो, कंस लहान होतो, मग डावी बाजू टिकवायला त वाढल्याशिवाय गत्यंतर नाही. चेन समांतर, उभ्या असतील तर प्रत्येकीवर ५०० किलो. ६०° ला ५७७, ९०° ला ७०७, १२०° ला पूर्ण १०००. म्हणजे १२०° वर दोन चेन लावूनही प्रत्येकीवर अख्ख्या कास्टिंगइतका ताण येतो. १५०° ला तो १९३२ किलोवर जातो. पहिल्या ६० अंशांत फक्त ७७ किलो वाढले आणि १२० ते १५० या तीसच अंशांत ९३२. शेवटच्या टप्प्यात ताण असा उसळतो, म्हणून "थोडंच जास्त पसरलंय" हे म्हणणं तिथे चालत नाही. (शॉपवर ताण किलोतच बोलतात म्हणून इथेही किलो. कागदावर न्यूटन हवे असतील तर ९.८१ ने गुणा.)

हे झालं बेरजेचं. त्याच दोन ताणांची वजाबाकीही कामाची आहे आणि ती सहसा कोणी बघत नाही. |त१ − त२|² = २त² (१ − कॉस थीटा). याच्या वर्गमूळाचं निम्मं म्हणजे प्रत्येक चेन कास्टिंगला आतल्या बाजूला किती आवळते ते. ६०° ला ही आडवी ओढ २८९ किलो, ९०° ला ५००, १२०° ला ८६६. आयबोल्ट (कास्टिंगमध्ये बसवलेला, डोक्याला कडी असलेला बोल्ट) वाकतो, त्याचा आटा ओरबाडतो, पातळ भिंतीचं कास्टिंग दबतं ते या आडव्या ओढीने. आयबोल्टवर कोरलेली क्षमता सरळ उभ्या ओढीची असते. तिरक्या ओढीत ती बरीच घटते. तेव्हा नुसती चेन पेलते की नाही एवढंच तपासून भागत नाही.

आता कोन. कोनमापक लागत नाही, टेप पुरे. चेनची हुकापासून खालच्या शॅकलपर्यंतची, म्हणजे चेन भाराला जोडणाऱ्या कडीपर्यंतची लांबी मोजा आणि खालच्या दोन शॅकलमधलं अंतर मोजा. हे खालचं अंतर म्हणजे दोन चेन-सदिशांची वजाबाकीच :

अंतर² = २ × लांबी² × (१ − कॉस थीटा)

खालचं अंतर चेनच्या लांबीइतकं असेल तर तीन बाजू सारख्या, कोन ६०°. अंतर लांबीच्या १.४१ पट झालं की ९०°. १.७३ पट झालं की १२०°. उदाहरणार्थ चेन २ मीटरची आणि शॅकलमधलं अंतर २.८ मीटर : ७.८४ = ८ (१ − कॉस थीटा), म्हणून कॉस थीटा = ०.०२ आणि कोन जवळजवळ ८९°. शॉपवर रोज हिशेब नको असेल तर एकच नियम भिंतीवर लिहा : शॅकलमधलं अंतर चेनच्या लांबीपेक्षा जास्त झालं की मोठी चेन घ्या. त्याने कोन ६०° च्या आत राहतो. जागेअभावी ते जमत नसेल तर ९०° पर्यंत ठीक. १२०° ओलांडायचं नाही.

दोन सावधगिऱ्या. स्लिंगच्या टॅगवर कोन कुठून मोजलाय ते वाचा. काही उत्पादक उभ्या रेषेपासूनचा देतात, काही आडव्यापासूनचा. "६०°" हाच आकडा उभ्यापासून असेल तर दोन चेनमधला कोन १२०° होतो, आडव्यापासून असेल तर ६०°. एकाच आकड्याचा अर्थ ताणात ५७७ आणि १००० इतका वेगळा निघतो. आणि वरचा सगळा हिशेब भार मधोमध असल्याचा आहे. एका अंगाला जाड असलेल्या कास्टिंगमध्ये जड बाजूच्या चेनवर जास्त ताण येतो, तिथे हे सूत्र कमी आकडा दाखवून फसवतं. आधी जमिनीपासून वीतभर उचलून बघा. कास्टिंग कललं तर खाली ठेवून पकड बदला.

प्रश्न : |अ| = ७, |ब| = ८, |अ + ब| = १३. कोन दिलेला नाही. |अ − ब| निघेल का?
– गडहिंग्लज

उत्तर : निघेल, कोन शोधायचीही गरज नाही. |अ + ब|² आणि |अ − ब|² यांची बेरीज केली की अधिक आणि उणे २ अ·ब एकमेकांना खातात :

|अ + ब|² + |अ − ब|² = २ (|अ|² + |ब|²)

२ (४९ + ६४) − १६९ = ५७. उत्तर √५७, म्हणजे साधारण ७.५५. हा समांतरभुज चौकोनाचा नियम : दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी. उलट, दोन वर्गांची वजाबाकी केली तर ४ अ·ब उरतं. तुमच्या गणितात १६९ − ५७ = ११२, म्हणून अ·ब = २८, कॉस थीटा = २८ ÷ ५६ = ½ आणि कोन ६०°. |अ + ब| = |अ − ब| दिलं की सदिश काटकोनात असतात (दोन्ही शून्येतर असतील तर) हे वारंवार विचारलं जाणारं गणितही यातूनच सुटतं.

प्रश्न : क्लासच्या सराव परीक्षेसाठी मी गणित रचलं : अ, ब, क हे एकक सदिश (लांबी १), प्रत्येक जोडीत १३५° कोन, |अ + ब + क| काढा. माझ्याच उत्तरात वर्ग उणे येतोय. पायऱ्या तीनदा तपासल्या.
– खासगी क्लासचे शिक्षक, कागल

उत्तर : पायऱ्या बरोबरच असणार. तीन सदिशांसाठी

|अ + ब + क|² = |अ|² + |ब|² + |क|² + २ (अ·ब + ब·क + क·अ)

यात तुमचे आकडे घातले की ३ + ६ × (−०.७०७) = −१.२४. सदिशाचा स्वतःशी डॉट कधीही उणे येत नाही, म्हणजे दोष गणिताच्या विधानात आहे : असे तीन सदिश अस्तित्वातच नाहीत. टेबलावर तीन पेन्सिली एका बिंदूतून पसरून बघा. जास्तीत जास्त फाकवल्या तरी प्रत्येक जोडीत १२०° च मिळतात, तेही तिन्ही सपाट ठेवल्या तर. एखादी वर उचलली की कोन कमीच होतात. अवकाशात तीन सदिशांमधल्या तीन कोनांची बेरीज ३६०° ओलांडू शकत नाही. तुमची ४०५° झाली. बरोबर १२०° ला बेरीज शून्य येते. तेच उलट वाचलं तर "तीन एकक सदिशांची बेरीज शून्य, अ·ब + ब·क + क·अ काढा" हे नेहमीचं गणित : ० = ३ + २ × (बेरीज), उत्तर −३/२.

पण वर्ग अधिक आला म्हणजे गणित निर्दोष, असं मात्र समजू नका. हीच खरी मेख आहे. समजा तुम्ही अ-ब मध्ये ३०°, ब-क मध्ये ३०° आणि अ-क मध्ये ९०° दिले. |अ + ब + क|² = ३ + २ (०.८६६ + ०.८६६ + ०) = ६.४६. वर्गमूळ झकास निघतं, मुलं उत्तर लिहितात, गुण मिळतात. तरीही गणित अशक्य आहे. अ पासून ब पर्यंत ३०° आणि पुढे क पर्यंत ३०° जाऊन ९०° गाठता येत नाहीत. पुरावा हवा असेल तर |अ − √३ ब + क|² काढून बघा : १ + ३ + १ − ३ − ३ + ० = −१. नुसती बेरीज ज्यात फसली नाही ते दुसऱ्या मिश्रणात उघडं पडलं.

म्हणून कोन देताना दोन गोष्टी तपासा : तिघांची बेरीज ३६०° च्या आत आणि सर्वांत मोठा कोन उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा नको. त्याहून सोपा मार्ग म्हणजे आधी घटक (अक्षांवरचे आकडे) घेऊन खरेखुरे सदिश तयार करायचे, मग त्यांचे कोन आणि मॅग्निट्यूड काढून विधानात द्यायचे. किंवा सरळ परस्पर लंब सदिश द्या. मॅग्निट्यूड २, ३, ६ घेतली की ४ + ९ + ३६ = ४९, उत्तर ७. जरा वळण हवं असेल तर "प्रत्येक सदिश उरलेल्या दोघांच्या बेरजेला लंब आहे" असं लिहा. त्यातून तीन समीकरणं मिळतात आणि तिन्ही डॉट प्रॉडक्ट शून्य निघतात, उत्तर तेच ७.

जाता जाता, हेच सूत्र शिरोलीच्या वाचकांनाही लागू पडेल. सारख्या अंतरावर लावलेल्या थ्री-लेग स्लिंगमध्ये प्रत्येक दोन चेनमध्ये थीटा कोन असेल तर वजन² = ३त² (१ + २ कॉस थीटा). चेनची लांबी आणि शॅकलमधलं अंतर सारखं असलं की थीटा ६०° आणि १ टनाला प्रत्येक चेनवर ४०८ किलो. ९०° ला ५७७. १२०° च्या जवळ कंस शून्याकडे जातो, चेन सपाट होतात आणि ताणाला मर्यादाच उरत नाही.

प्रश्न : घटक दिलेले असताना डॉट प्रॉडक्ट वापरावा की आधी बेरीज करावी?
– इचलकरंजी

उत्तर : आधी बेरीज. अ = (२, −१, २) आणि ब = (३, ४, ०) असेल तर अ + ब = (५, ३, २), वर्ग २५ + ९ + ४ = ३८, उत्तर √३८. डॉटचा वळसा घेतला तर |अ|² = ९, |ब|² = २५, अ·ब = ६ − ४ + ० = २, म्हणून ९ + ४ + २५ = ३८. तेच उत्तर, तीन जास्त पायऱ्या. विस्तार करायचा तो फक्त मॅग्निट्यूड आणि कोन हातात असताना, किंवा पडताळ्यासाठी. सहगुणक मोठे असतील, म्हणजे |५अ − ७ब| असं काही असेल आणि |अ|, |ब|, अ·ब आधीच्या उपप्रश्नात काढलेले असतील, तर मात्र विस्तारच सोयीचा.

प्रश्न : डॉट प्रॉडक्ट उणे येऊ शकतो, मग स्वतःशी घेतलेला कधीच उणे का नसतो? जुन्या पद्धतीत आय, जे, के (तीन अक्षांवरचे एकक सदिश) यांचे वर्ग −१ घेत असत असं वाचल्याचं आठवतं.
– निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : स्वतःशी कोन ०°, त्यामुळे कॉस १, आणि घटकांत बघितलं तर नुसती वर्गांची बेरीज, उणे व्हायला वावच नाही. तुम्हाला आठवतं तेही खरं आहे. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४३ साली डब्लिनमध्ये चतुष्टके (चार घटकांच्या संख्या) मांडली, त्यांत आय, जे, के यांचे वर्ग −१ आहेत. दोन सदिशांच्या त्या गुणाकाराचा अदिश (दिशा नसलेला, नुसता आकडा) भाग घेतला की आजच्या डॉट प्रॉडक्टचं उणे रूप मिळतं. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेत जोसाया विलर्ड गिब्ज आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी अदिश भाग आणि सदिश भाग वेगळे केले आणि अदिश भागाचं चिन्ह अधिक ठेवलं. त्या बदलामुळे लांबीचा वर्ग थेट हाती लागतो. जुन्या पद्धतीत दरवेळी उणे सांभाळावं लागे.

प्रश्न : दोन बिंदूंमधलं अंतर काढायला प्रोग्रॅममध्ये |अ|² − २ अ·ब + |ब|² वापरतो, कारण |अ|² आधीच काढून ठेवता येतं आणि वेळ वाचतो. पण जवळजवळच्या बिंदूंना कधी ० येतं, कधी वर्गमूळाच्या जागी 'हा आकडाच नाही' असं सांगणारं "नॅन". सूत्र तर बरोबर आहे.
– पदव्युत्तर विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : सूत्र बरोबर आहे, पण यंत्राकडे तेवढे अंक नाहीत. अ = (१००००, १) आणि ब = (१००००, ०) घ्या. खरं अंतर १. आता सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे साधारण सातच अंक साठवणाऱ्या पद्धतीत, हिशेब करा. |अ|² = १०,००,००,००१. दहा कोटींच्या आसपास सिंगल प्रिसिजनमधले लगतचे आकडे एकमेकांपासून ८ ने दूर असतात, म्हणून शेवटचा १ साठवतानाच गळतो आणि १०,००,००,००० उरतात. |ब|² आणि अ·ब तेवढेच. बेरीज-वजाबाकी होऊन उत्तर ०. तुम्हाला हवी असलेली सगळी माहिती त्या गळालेल्या १ मध्ये होती. दुसऱ्या एखाद्या जोडीत पूर्णांकन उलट्या बाजूला पडलं की वर्ग किंचित उणे येतो आणि वर्गमूळ नॅन देतं.

कागदावर (अ − ब)·(अ − ब) आणि त्याचा विस्तार एकच. यंत्रावर ते दोन वेगळे हिशेब आहेत. आधी वजा केलं तर (०, १) मिळतं, मग वर्ग १, उत्तर अचूक. तेव्हा बिंदू जवळजवळ असण्याची शक्यता असेल तिथे आधी वजाबाकी, मग डॉट. लाखो जोड्यांसाठी विस्ताराचा वेग हवाच असेल तर सगळ्या बिंदूंमधून आधी त्यांची सरासरी वजा करा. मॅग्निट्यूड लहान होतात आणि गळती बरीच कमी होते. डबल प्रिसिजन (दुपटीहून जास्त अंक) घ्या. वरचं उदाहरण त्यात सुरळीत सुटतं, मात्र पहिला घटक १०००० ऐवजी १० कोटी केला की तिथेही हेच घडतं. वर्गमूळापूर्वी उणे आकड्याला शून्य करणारी ओळ घातली की नॅन थांबेल, पण त्याने अंतर बरोबर येत नाही. चूक फक्त दिसेनाशी होते. म्हणून ती ओळ घातलीच तर किती वेळा लागू पडली त्याची मोजणीही सोबत छापा. आकडा मोठा आला तर विस्तार सोडून आधी वजाबाकी करा.